काशानच्या वाटेवर नेवासे

इराणमध्ये, तेहरानच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला काशान नावाचं शहर आहे. इराण पाहून आलेल्या आपल्या मंडळींच्या बोलण्यात इस्फहान येतं, शिराझ येतं. काशान सहसा येत नाही. या पुस्तकात मात्र ते पुन्हा पुन्हा भेटेल, आणि त्याला कारण आपला नगर जिल्हा आहे. काशानच्या वेशीवर सियल्क नावाचं प्राचीन टेकाड आहे. तिथल्या तोटीच्या भांड्यांवरून आपल्या पुरातत्त्वात एक मोठा वाद उभा राहिला आणि त्या वादात प्रवरेकाठची खापरंही ओढली गेली. याच काशानमध्ये शिकवणारा एक विद्वान १५२० मध्ये जीव वाचवून निघाला आणि १५२२ मध्ये अहमदनगरच्या निजामशाही दरबारात पोचला. काशानजवळच फीनची बाग आहे. ती पाहिली की नगरच्या फराह बागेभोवतीच्या कोरड्या हौदात एके काळी काय असेल, ते डोळ्यांपुढे येतं.

पुस्तकाचा विषय प्राचीन इराणचे पाहण्याजोगे अवशेष हा आहे. पण ते सोनईत बसून लिहिलं गेलं आहे आणि नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, पाथर्डी या भागातल्या वाचकाला समोर ठेवून लिहिलं गेलं आहे. त्यामुळे त्याची सुरुवात शिराझच्या विमानतळावर होत नाही, प्रवरेच्या काठावर होते. असं का, एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

इराणला जाणारा आपला प्रवासी पर्सेपोलिसचे उंच खांब पाहून हरखतो, कारण खांब कोणालाही दिसतात. सियल्कला नेलं तर मात्र तोच माणूस दहा मिनिटांत गाडीकडे वळतो. तिथे दिसायला मातीच्या ढिगापलीकडे फारसं काही नाही. पण त्या ढिगात इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकापासूनची वस्ती थरांवर थर देऊन बसली आहे. रोमां गिर्शमान या फ्रेंच उत्खननकाराने १९३३, १९३४ आणि १९३७ अशा तीन हंगामांत ते थर उलगडले, आणि इराणच्या पठारावरच्या शेतकरी माणसाचा इतिहास तिथून लिहिला जाऊ लागला. माती वाचता आली तरच सियल्क दिसतं. आणि माती वाचायला शिकण्यासाठी आपल्याला परदेशी जायची गरज नाही.

आपल्याकडे नदीकाठच्या जुन्या गावठाणाला पांढर म्हणतात. शेताची काळी आणि वस्तीची पांढरी, हा भेद शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहिली, भिंती पडल्या, चुली विझल्या, राख, शेण, हाडं, खापरं साठत गेली की माती पांढुरकी आणि भुसभुशीत होते आणि जमीन आजूबाजूपेक्षा उंच होते. महाराष्ट्रातलं ताम्रपाषाणयुग पुरातत्त्वज्ञांना सापडलं ते बहुतेक अशाच पांढरीच्या टेकाडांत. दुर्दैवाने ही माती खताला चांगली, म्हणून शेतकऱ्यांनी गाड्याच्या गाड्या भरून ती रानात नेली. किती टेकाडं अशी पसरली गेली याचा हिशेब आता लागणार नाही. त्यात शेतकऱ्याचा काही दोष नव्हता. ती माती काय आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

नेवाशाला हे सांगणारा माणूस आला तो १९५४ मध्ये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. जन्माने गुजराती, पण आयुष्यभराचं काम बहुतेक दख्खनच्या नद्यांवर. त्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला प्रवरेकाठचं लाडमोड टेकाड खणलं आणि पुढे १९५९ ते १९६१ मध्ये पुन्हा काम केलं. शां. भा. देव आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचं नावच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाणारं आहे, आणि टेकाड खणताना घडतं तेच ते नाव सांगतं. वर मध्ययुगीन, मराठा काळापर्यंतची वस्ती. तिच्या खाली सातवाहनांचा काळ, त्यात रोमन जगातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे. म्हणजे भूमध्य समुद्राकाठी भरलेलं मद्य बंदरातून घाट चढून प्रवरेपर्यंत येत होतं. त्याच्याही खाली तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी. आणि नदीच्या जुन्या गाळात त्याहून कितीतरी प्राचीन अश्मयुगीन हत्यारं.

या ताम्रपाषाण थरातली एक गोष्ट मला इराणच्या सगळ्या राजवाड्यांपेक्षा मोलाची वाटते. इथली माणसं आपली दगावलेली लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन मातीचे घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात मूल. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजाने मण्यांतला दोरा थोडासा टिकून राहिला. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम आढळलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा दोरा. मूल कोणाचं, काय होऊन गेलं, हे कळायला मार्ग नाही. पण त्याच्या आईबापांनी ते घराबाहेर जाऊ दिलं नाही आणि गळ्यातली माळ काढून घेतली नाही, एवढं नक्की कळतं.

नेवाशाला दरवर्षी हजारो माणसं येतात, ती पैस खांबाच्या दर्शनाला. शके १२१२ मध्ये याच गावी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्यामुळे त्यांनी तिथे येणं स्वाभाविक आहे. मोहिनीराजाच्या मंदिरातही माणसं जातात. टेकाडाकडे क्वचितच कोणी वळतं. गावापासून काही अंतरावर चिरकी नाल्याजवळ गुद्रुन कोर्विनुस या जर्मन संशोधिकेने १९६६ पासून काही वर्षं उत्खनन केलं आणि अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी, फरश्या जागच्या जागी शोधल्या. पुढे याच बाईंनी आफ्रिकेतल्या इथिओपियातही काम केलं. मानवाच्या आरंभाचा शोध घेणाऱ्या मोजक्या लोकांतली एक व्यक्ती आपल्या तालुक्यात वर्षानुवर्षं नाले तुडवत होती, ही गोष्ट तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

आता काशानकडे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. तिथे तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि तांबड्या-नारिंगी रंगाची, काळ्या नक्षीची, पातळ, खणखणीत भाजलेली भांडी मिळाली. त्यांतल्या तोटीच्या भांड्यांवरून आणि कंगोरेदार वाडग्यांवरून ही संस्कृती ओळखता येते. पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे अशी भांडी मिळाली तिथे तिथे तिला जोर्वे संस्कृती म्हटलं गेलं. आपल्या जिल्ह्यातल्या एका लहान गावाचं नाव अशा रीतीने जगभरच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत गेलं. त्यानंतर सांकलियांनी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी नावडाटोली खणली. ही जागा महेश्वरच्या समोर, पैलतीरावर आहे. महेश्वर अहिल्याबाईंचं, आणि अहिल्याबाई आपल्या चौंडीच्या. नावडाटोलीला त्यांना एक वेगळंच भांडं सापडलं. त्याची तोटी वरून उघडी, पन्हळीसारखी होती. असं भांडं भारतात कुठे दिसत नव्हतं. इराणमध्ये दिसत होतं, आणि त्यात सियल्कही होतं. १९५५ मध्ये 'अँटिक्विटी' या इंग्रजी नियतकालिकात त्यांनी ही तुलना मांडली. इराणकडून निघालेली माणसं टप्प्याटप्प्याने माळवा आणि दख्खनपर्यंत आली असावीत, आणि ती आर्य असू शकतील, असा विचार ते त्यानंतर बरीच वर्षं करत राहिले.

हा विचार आज टिकलेला नाही, हे वाचकाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं पाहिजे. कार्बन-१४ पद्धतीने नावडाटोलीचा काळ इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास गेला. सियल्कच्या ज्या दफनभूमीतली लांब चोचीची भांडी प्रसिद्ध आहेत, ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या आरंभीची. म्हणजे ज्याला मूळ म्हणायचं तेच नंतरचं. शिवाय भांड्याची तोटी दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही सुचू शकते. पुढच्या पिढीतल्या म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी माळवा आणि जोर्वे या संस्कृतींची घडण इथल्याच मातीत, उत्तर-हडप्पा काळाच्या वारशासह झाली, असं दाखवलं. तरीही सांकलियांच्या त्या तुलनेबद्दल मला आदर वाटतो. नगर आणि निमाडची खापरं त्यांनी पश्चिम आशियाच्या नकाशावर नेऊन ठेवली. त्याआधी या भांड्यांकडे त्या नजरेने कोणी पाहिलं नव्हतं.

प्रवरेकाठचं दुसरं मोठं नाव दायमाबाद. १९५८ मध्ये भा. पु. बोपर्डीकर यांनी ही जागा शोधली, त्यानंतर म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असे पाच सांस्कृतिक थर एकाच टेकाडात आहेत. पण जगाला दायमाबाद माहीत झालं ते उत्खननामुळे नव्हे. १९७४ मध्ये एक भिल्ल शेतकरी झाडाची मुळं खणत असताना त्याला चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला आणि उभा सारथी असलेला रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. सगळ्यांचं वजन मिळून साठ किलोंहून अधिक. एवढ्या वजनाची भरीव ओतीव कामं त्या काळात दख्खनमध्ये कोणी, कशासाठी केली, यावर अजून एकमत नाही. काहींच्या मते त्यांचा काळच वेगळा आहे. गेंडा मात्र विचार करायला लावतो, कारण ओतणाऱ्याने तो प्राणी पाहिलेला असावा असं त्याच्या अंगावरच्या घड्या सांगतात.

इथवरचा इराण म्हणजे एक शक्यता. मध्ययुगात ती शक्यता प्रत्यक्षात आली.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी अहमदनगर शहर वसवायला घेतलं. त्याचं घराणं मूळ पाथरीच्या ब्राह्मणाचं, म्हणजे या मातीतलंच. त्याचा मुलगा पहिला बुऱ्हाण निजामशहा गादीवर असताना शाह ताहिर नगरला आला. काशानमध्ये तो धर्मशास्त्र शिकवत होता. इराणच्या शाह इस्माइलच्या दरबारात त्याच्याविरुद्ध कान भरले गेले आणि त्याला देश सोडावा लागला. समुद्रमार्गे गोवा, तिथून विजापूर, परांडा आणि शेवटी नगर. १५३७ मध्ये बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला, त्यामागे शाह ताहिरचा प्रभाव होता. दख्खनच्या एका राज्याचं राजकारण काशानच्या एका शिक्षकाने वळवलं. त्यानंतर इराणमधून विद्वान, वैद्य, लेखक, कारागीर यांची रीघच लागली. निजामशाहीचा इतिहास लिहिणारा सय्यद अली तबातबाई याच ओघातला. पुढे प्रसिद्ध झालेला इतिहासकार फिरिश्ता कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. लहानपणी वडिलांबरोबर तो नगरला आला आणि इथेच वाढला.

हे सगळं गुण्यागोविंदाने झालं असं समजू नये. दख्खनी सरदार आणि परदेशी सरदार यांच्यातलं वैर सतत धुमसत होतं. १५८९ मध्ये नगरमध्ये परदेशी लोकांची मोठी कत्तल झाली. फिरिश्ता तीतून वाचला आणि विजापूरला गेला. आपला ग्रंथ त्याने तिथे लिहिला. नगरच्या वास्तूंसमोर उभं राहताना हे रक्तही आठवावं. ज्यांच्या ज्ञानावर शहर सजलं, त्यांतले कित्येक याच शहराच्या रस्त्यांवर मारले गेले.

या वास्तूंतली मला सर्वांत प्रिय फराह बाग. शहराच्या आग्नेयेला एका मोठ्या चौकोनी हौदाच्या मधोमध हा महाल उभा आहे. कोपरे छाटलेला अष्टकोनी आराखडा, मधे दुमजली उंचीचं दालन, चारी बाजूंनी कमानी, चुनेगच्ची. पहिल्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, आधीचं बांधकाम त्याला पसंत न पडल्यामुळे पाडून, हा महाल नव्याने उभारला गेला आणि १५८३ च्या सुमारास त्याचा मंत्री सलाबत खान याच्या देखरेखीखाली पुरा झाला. शाहजहानला ताजमहालाची कल्पना इथून सुचली, असं नगरमध्ये अभिमानाने सांगतात. त्याला पुरावा नाही आणि फराह बागेला त्या आधाराची गरजही नाही. शहराच्या उत्तरेला हश्त बिहिश्त बाग आहे. तिथेही तळ्याच्या मधोमध अष्टकोनी वास्तू होती, आज तिचे भग्न अवशेष उभे आहेत. याच नावाचा इस्फहानचा जगप्रसिद्ध महाल १६६९ मधला. आपली बाग सोळाव्या शतकातली, म्हणजे त्याहून जुनी.

शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत लांबूनच दिसते. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. ती सलाबत खानाची कबर आहे. भातोडीचा तलावही त्याच्याच नावावर आहे. या माणसाने आपल्या दुष्काळी मुलखात पाणी अडवलं, एवढ्यासाठी तरी त्याचं नाव त्याला परत मिळालं पाहिजे. दमडी मशिदीतलं दगडी कोरीवकाम आणि बाग रौझातली काळ्या दगडातली कबर यांच्याबद्दल पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे थांबत नाही.

पाण्यावर मात्र थांबायलाच हवं. माझ्या मते नगरचा खरा इराण कमानींत नाही, जमिनीखालच्या नळांत आहे. निजामशाहीत नगरच्या भोवतालच्या उंच भागांतून खापराचे नळ जमिनीखालून शहरात, बागांत आणि महालांत आणले गेले. पाणी उपसायला यंत्र नाही, केवळ उतारावर ते चालायचं. मधे मधे उसासे उभारलेले, म्हणजे नळातली हवा बाहेर पडावी आणि दाब सांभाळला जावा. इराणमध्ये ही विद्या फार जुनी आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक मूळ विहीर खणून पाणी गाठायचं, तिथून सौम्य उताराचा बोगदा मैलोन् मैल न्यायचा, आणि गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवायच्या. याला कनात म्हणतात. इराणमधल्या अकरा कनातींना २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. कनातीचं पाणी गावात वाटून देणारा मीराब असतो. तळाला भोक पाडलेलं तांब्याचं वाडगं पाण्यावर सोडून तो प्रत्येकाची वेळ मोजत असे. मुळा कालव्यावर पाळीची वाट पाहिलेल्या सोनईच्या शेतकऱ्याला मीराब म्हणजे कोण हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो आपला पाटकरीच.

आणि इथे पुन्हा काशान. फीनच्या बागेला डोंगराच्या झऱ्याचं पाणी मिळतं. तिथली कारंजी आजही केवळ उताराच्या जोरावर उडतात. तिचं आजचं रूप शाह अब्बासच्या काळातलं, सुमारे १५९० चं. फराह बाग तेव्हा पुरी झालेली होती. दोन्हीकडची माणसं एकाच शास्त्रावर एकाच काळात काम करत होती. फरक एवढाच की फीनमध्ये पाणी वाहतं आहे आणि फराह बागेत नाही.

या शास्त्राचा उगम पाहायचा तर पासारगादला जावं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात कुरुष राजाने, ज्याला आपण सायरस म्हणून ओळखतो, तिथे राजधानी वसवली. त्याची साधी, पायऱ्यांच्या चौथऱ्यावरची दगडी कबर पाहायला सगळे जातात. पण खरी पाहण्याची गोष्ट पायांखाली आहे. १९६० च्या दशकात डेव्हिड स्ट्रॉनॅक यांनी तिथे चुनखडीच्या दगडाचे पाट आणि ठरावीक अंतरावरची दगडी कुंडं उघडी केली. राजाची बाग या पाटांनी आखलेली होती. चारबागेची, म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेल्या बागेची, कल्पना तिथून सुरू झाली असं बहुतेक अभ्यासक मानतात. युनेस्कोने २०११ मध्ये इराणच्या ज्या नऊ बागांना एकत्र मान्यता दिली, त्यांत पासारगाद आहे आणि फीनही आहे. त्या परंपरेची एक फांदी नगरपर्यंत आली, हे आपण विसरू नये.

पर्सेपोलिस, म्हणजे इराणी लोकांचं तख्त-ए-जमशीद, याच्यासाठी पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, ती योग्यच. पहिल्या दारियसने इसवी सनापूर्वी ५१८ च्या सुमारास ते बांधायला घेतलं आणि अलेक्झांडरने इसवी सनापूर्वी ३३० मध्ये ते जाळलं. वाचकाला माझी विनंती आहे की तिथे गेल्यावर खांबांकडे नंतर पाहावं, आधी अपादाना या दरबार-महालाच्या जिन्यावर कोरलेली माणसं पाहावीत. साम्राज्याच्या तेवीस प्रांतांतून भेटी घेऊन आलेली शिष्टमंडळं तिथे रांगेने उभी आहेत. त्यांत भारतीयांचं एक आहे. कमरेला गुडघ्यापर्यंतचं वस्त्र, अंगात काही नाही, बरोबर एक गाढव, एकाच्या हातांत कुऱ्हाडी आणि एकाच्या खांद्यावर कावड. कावडीच्या दोन्ही टोकांना टोपल्या, त्यांत सोन्याची भुकटी असावी असं मानतात, कारण भारतीय प्रांत सोन्याच्या भुकटीत खंडणी देत असे, हे हेरोडोटसने लिहून ठेवलं आहे. ही माणसं सिंधूकाठची, दख्खनची नव्हेत. तरीही मढीच्या नाथांसाठी पैठणहून खांद्यावर कावड आणणाऱ्यांना पाहिलेल्या माणसाचे पाय त्या दगडापाशी अडतात.

त्याच ठिकाणी १९३३ मध्ये तटबंदीत हजारो मातीच्या लेख-पाट्या मिळाल्या. राजाची स्तुती त्यांत नाही. मजुरांना किती धान्य दिलं, बाळंतिणीला किती, आणि भारताकडून येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना वाटेत किती शिधा दिला, याचे हिशेब त्यांत आहेत. इसवी सनापूर्वी पाचशेच्या आगेमागे हा रस्ता चालता होता आणि त्यावर शिधा मिळत होता. राजवाड्यांच्या वर्णनापेक्षा मला हे हिशेब जास्त खरे वाटतात.

नक्श-ए-रुस्तमच्या कड्यातल्या राजकबरी, बिसुतूनचा शिलालेख, सुसा आणि चोघा झंबिल यांची माहिती पुढे सविस्तर येईल. सुसाबद्दल एकच सांगतो. तिथल्या राजवाड्यासाठी कुठून काय आणलं याची यादी दारियसने कोरून ठेवली आहे, आणि त्यात हस्तिदंत आणलेल्या देशांमध्ये भारताचं नाव आहे.

जवाहरलाल नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिला गेला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यात भारत आणि इराण यांच्या संबंधांवर एक स्वतंत्र भाग आहे, हे थोड्यांच्या लक्षात असतं. ज्या किल्ल्याला हुसेन निजामशहाने दगडी तट घातला, ज्या शहरात शाह ताहिर आणि फिरिश्ता राहिले, तिथेच बसून तो भाग लिहिला गेला. किल्ला पाहायला जाणाऱ्याने तो आधी वाचून जावं.

आता प्रवासाबद्दल थोडं. नगर जिल्ह्यातल्या जागा दिवाळीनंतर ते माघापर्यंत पाहाव्यात. गवत वाळलेलं असतं, टेकाडाचा आकार नीट दिसतो आणि ऊन सोसवतं. नेवाशाला जाण्याआधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं संग्रहालय पाहता आलं तर टेकाडावर काय शोधायचं ते कळेल. नगर शहरातलं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयही चुकवू नये. फराह बाग परिसरात जाताना स्थानिक परवानगीची चौकशी आधी करावी. इराणसाठी वसंत ऋतू उत्तम. पण नवरोजच्या सुट्ट्यांत तिथली माणसंच एवढी प्रवासाला निघतात की जागा मिळत नाही. व्हिसाचे नियम आणि सुरक्षेची परिस्थिती तिथे लवकर बदलते. परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये, आणि जाऊ नका असं सांगितलं असेल तर जाऊ नये. सियल्क सात हजारांहून अधिक वर्षं थांबलं आहे, आणखी दोन वर्षं थांबेल.

शाळामास्तरांना आणि सरपंचांना एक वेगळी विनंती. मुलांची सहल नेवाशाला नेता तेव्हा पैस खांबानंतर एक तास टेकाडासाठी ठेवा. मुलांना खापर उचलू द्या, काळी नक्षी दाखवा, आणि ते जिथून उचललं तिथेच परत ठेवायला लावा. खापर खिशात गेलं की त्याचा थर गेला, आणि थर गेला की त्याचं वय सांगता येत नाही.

आणि आपल्या शेतात, पांढरीत, विहिरीच्या खोदाईत जर तांब्याची, दगडाची, मातीची जुनी वस्तू लागली तर ती सोनाराला किंवा भंगारवाल्याला दाखवू नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची अशी वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तलाठ्याला सांगा, तहसीलदाराला लेखी कळवा, आणि खोदाई तिथेच थांबवा. दायमाबादचा रथ वितळून भांड्यात गेला नाही, तो आज जगासमोर आहे, कारण त्याची वार्ता वेळेवर सरकारपर्यंत पोचली.

सोनई, ता. नेवासे, जि. अहिल्यानगर